हजर, गैरहजर, वाटेवर

५ फेब्रुवारी, बुधवार

सातवी ब मध्ये नऊ कुटुंबं! प्रयोगशाळेत बाळंतीण. आणि माझ्या ऑफिसात, माझ्या टेबलाखाली, बकरी. "ही कुणाची?" म्हणून ओरडले तर एक आजी म्हणते, "आमच्यातलीच आहे गं, एकटी कशी सोडायची तिला?" बाहेर काढली. तासाभरात पुन्हा टेबलाखाली.

परवा सकाळी वरचं धरण फुटलं. नदीकाठची चार गावं गेली. टेकडीवर पळाले ते वाचले. आमची शाळा उंचावर, म्हणून पुष्कळ लोक इकडेच आले. हेडसरांनी फाटक सताड उघडलं आणि मला म्हणाले, "बाई, यादी करा."

यादी म्हटलं की माझा हात आपोआप रेघा मारायला लागतो. छत्तीस वर्षं क्लार्की केलीय. नाव, आडनाव, वय, गाव. रडणारी माणसंसुद्धा माझ्यासमोर आली की सरळ उभी राहून आडनाव सांगत होती. एक म्हातारा म्हणाला, "मी शाळेचा शिपाई." लिहिलं. पुढचा! दुपारी ३८४ झाले. संध्याकाळी मोजले तर ३९१. माझी बेरीज चुकत नाही! मग कळलं — मधल्या वेळात सहा जण चालत आले आणि एक जन्मलं.

घरी आले तर हे म्हणतात, "अगं, जेवताना तरी पेन खाली ठेव."

६ फेब्रुवारी

हे गाव मला माहीत आहे असं वाटायचं. कुठचं काय! शाळेसमोरची ती खाष्ट बाई — जिच्या अंगणात गेलेला चेंडू जन्मात परत येत नाही — तिनं आज दोन पलंग पाठवले. त्यातला एक तिचा स्वतःचा. न्हावी आरसा घेऊन आला आणि झाडाखाली बसला. शिंप्यानं मशीनच उचलून आणलं. आणि कंपासपेट्या! कुणी निरोप धाडला नव्हता, पण घराघरांतल्या माळ्यांवरून पेट्या उतरल्या. एकशे बारा. प्रत्येकीच्या झाकणावर केव्हाच्या मोठ्या झालेल्या पोरांनी करकटकानं काहीबाही कोरलेलं.

मी नोंद करायला वही काढली. "कुणाकडून लिहू?" एकही जण थांबेना. शेवटी वही मिटली. मी! वही मिटली!

८ फेब्रुवारी

आता खरी गोम. या लोकांत नदीकाठच्या शाळेची दहावीची मुलं आहेत. चाळीसेक जणांचा वर्ग. ३ मार्चला बोर्डाची परीक्षा. फॉर्म भरायची मुदत या संकटामुळे वाढवली, ती १७ तारखेपर्यंत. पण फॉर्म भरायचे कशावरून? त्यांचं जनरल रजिस्टर शाळेसकट गेलं. त्यांचे मुख्याध्यापक दवाखान्यात, शुद्धीवर नाहीत. शिक्षक लांबून येणारे. त्यांना चेहरे ठाऊक, जन्मतारखा नाहीत.

बोर्डात फोन लावला. "फॉर्म शाळेच्या रजिस्टरवरूनच भरायचे, बाई."

"अहो, रजिस्टर पाण्यात गेलं."

"मग भरता येणार नाहीत."

फोन ठेवला आणि लक्षात आलं — मागच्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच उत्तर दिलं असतं. ह्याच आवाजात.

सातवी ब मधली एक आई म्हणाली, "हे वर्ष गेलं ना, तर पोरगी पुन्हा शाळेचं तोंड बघायची नाही. घर उभं करायला हात लागणार आहेत." तक्रार नव्हती. नुसतं सांगत होती.

९ फेब्रुवारी

सकाळी मैदानातून खणखणीत हाक — "एक!" "हजर!" "दोन!" "हजर!" खिडकीतून पाहिलं. पहिल्या दिवशीचा तो शिपाई. एका पायात चप्पल, दुसऱ्यात कुणाचातरी बूट. हातात चिटोराही नाही. मुलं रांगेत. "सतरा!" — जरा थांबून तीन-चार आवाज: "वाटेवर!" "अठरा!" "हजर!"

दुसऱ्यानं हजेरी द्यायची! माझ्या शाळेच्या मैदानात! तरातरा खाली गेले. "जो नाही तो गैरहजर. वाटेवर म्हणजे काय? बाजाराला गेलाय का?" पोरांनी माना खाली घातल्या. अठरा नंबरची मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. मला माझाच आवाज मोठा वाटायला लागला.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शिक्काबाई चिडल्या." चार दिवसांत नावही पडलं!

१० फेब्रुवारी

काय लिहू?

मामा — त्या शिपायांना सगळे मामाच म्हणतात — ऑफिसच्या दारात आले. म्हणाले, "पोरांवर रागावू नका. आमच्याकडे हजेरी नदीच्या काठावरच व्हायची. निम्मी पोरं पलीकडून होडीनं येणारी. होडी उशिरा आली तर त्यांचा काय दोष? मग होडी पाण्यात दिसली की शेजारचं पोर ओरडायचं — वाटेवर. रजिस्टरात तेवढ्या घरात मोकळं वर्तुळ काढायचं. पोर आलं की वर्तुळात रेघ. आमच्या तीन खुणा होत्या, बाई. हजर, गैरहजर, वाटेवर."

"आणि नंबर सगळे पाठ?"

"एकतीस वर्षं काठावर उभा आहे. पाण्याशेजारी कागद कशाला न्यायचा?"

मी आपली टोमणा मारायला म्हणाले, "मग जन्मतारखाही पाठ असतील!"

"आहेत की."

आणि सुरू झाले. डोळे मिटले नाहीत, आठवायला थांबले नाहीत. नंबर एक. पूर्ण नाव. वडील. आई. जन्मतारीख. जन्मगाव. ओळखीची खूण — डाव्या भुवईवर व्रण. नंबर दोन. माझा हात धावत होता. मी सांगितलेलं उतरवते तेव्हा डोकं बाजूला ठेवते. कान ते पेन, मध्ये काही नाही, म्हणूनच माझ्या चुका होत नाहीत. सतरा — आईवडील नाहीत, पालक आजोबा, त्यांचं नाव, मुलीची जन्मतारीख, उजव्या कोपरावर तीळ. अठरा. एकोणीस. एकेचाळीस झाले तेव्हा चहा गार झालेला.

"हे सगळं कधी पाठ केलंत?"

"पाठ कुठे केलं? पोराचं नाव घालायला आईबाप यायचे, ते फाटकापाशी आधी मलाच सांगायचे. मोठ्या सरांसमोर लाजायचे ना. मग मी आत जाऊन सरांना सांगायचो, ते लिहायचे. कागदावर नंतर गेलं, बाई. आधी माझ्याकडे आलं."

पुढे नववीही म्हणणार होते. मीच थांबवलं. मला जरा खिडकीत उभं राहायचं होतं.

१२ फेब्रुवारी

पडताळणी. इतक्या सहज मी कुणावर विश्वास ठेवत नाही, देव समोर आला तरी दाखला मागेन. एकेका आईला बोलावून विचारलं. चाळीसच्या चाळीस जुळले! एकाच ठिकाणी फरक — आई म्हणे मुलगा जूनचा. मामा दारातून म्हणाले, "वहिनी, जून थोरल्याचा. ह्याच्या वेळी तुम्ही कडाक्याच्या थंडीत होडीत होतात, आठवा." ती बाई स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसत सुटली. आठ दिवसांत त्या वर्गात कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

सतरा नंबरचं सांगायला मात्र कुणीच आलं नाही.

१४ फेब्रुवारी

आमच्या ऑफिसचा नियम: तीन दिवस पुकारायचं, कुणी आलं नाही तर लाल रेघ. सतरा नंबरला तीन दिवस पुकारलं. तिचे आजोबा माझ्या यादीत नाहीत, म्हणजे इथे नाहीत. मामांना म्हणाले, "म्हातारपण आहे, एखादं नाव जुन्या वर्गातलं मिसळलं असेल."

"नाही बाई. रजिस्टरात आहे ती."

"रजिस्टर वाहून गेलं, मामा!" जरा चढ्या आवाजातच म्हणाले. मी रेघ मारली.

१५ फेब्रुवारी

आज फोटो. फोटोवाल्यानं दुकानातला पडदाच आणून भिंतीला लावला. अंगावर धड कपडा कुणाच्याच नाही, तर शिंप्यानं एक पांढरा शर्ट शिवून दिला. तोच शर्ट चाळीस जणांनी घातला! एक काढतोय, दुसरा बाह्या घालतोय, न्हावी मधल्यामधे भांग पाडतोय. छोट्यांना मागून टाचण्या, मोठ्यांची वरची गुंडी उघडी. खाष्ट बाई कॉलर सारखी करायला उभी. "मान वर कर रे, चोरी केलीयस का?" पोरं हसायची आणि नेमका तेव्हा फोटो.

मला रडू आलं. उगाच नाही लिहीत, खरंच आलं. बकरीनं माझ्या पदराचा कोपरा चावला म्हणून थांबलं.

१७ फेब्रुवारी, शेवटचा दिवस

बोर्डाचे साहेब लॅपटॉप घेऊन आले. माणूस वाईट नाही, माझ्यासारखाच. म्हणाले, "नववीची नोंदणी आमच्याकडे आहे, पण ती ताडून पाहायला. तिच्यावरून फॉर्म भरता येत नाहीत. तुमच्या यादीशी तंतोतंत जुळली तर ती यादी मी रजिस्टर मानेन. एकही फरक निघाला तर सगळी परत."

मी यादी ठेवली. त्यांनी मोजली. "चाळीस? आमच्याकडे एकेचाळीस आहेत."

माझी लाल रेघ! माझ्या त्या एका रेघेनं चाळीस पोरांचं वर्ष बुडत होतं!

"मामा!" एवढंच ओरडता आलं. ते आले. साहेबांनी उलटसुलट विचारलं — तेहेतीस, नऊ, सव्वीस. फटाफट उत्तरं. शेवटी साहेब म्हणाले, "सतरा?" मामा एक श्वास थांबले. मग नाव, आजोबांचं नाव, जन्मतारीख, उजव्या कोपरावर तीळ. सगळं जसंच्या तसं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग जबाब लिहून सहीला पुढे केला. मामांनी अंगठा पुढे केला. लिहिता-वाचता येत नाही त्यांना! एकतीस वर्षांचं रजिस्टर, आणि एक अक्षर वाचता येत नाही! साहेब उठून उभे राहिले. मीही. का उभे राहिलो कुणाला विचारायची गरज पडली नाही.

"ही सतरा नंबरची आहे कुठे?"

दारात घोळका करून उभी असलेली पोरं एकदम म्हणाली, "वाटेवर!"

"परीक्षेपर्यंत पोचेल ना?"

मामा जमिनीकडे बघत होते. मीच म्हणाले, "पोचेल. मी शोधून आणते." साहेबांनी तिचा नववीचा फोटो काढून फॉर्मला लावला. दोन वेण्या. रुंद कपाळ. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, आठवेना.

ती रेघ खोडरबरानं घासली. लाल शाई जात नाही.

१९ फेब्रुवारी

यांना सांगितलं, स्कूटर काढा. हे म्हणाले, "छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तू स्वतःहून मागे बसतेयस!" आणखी चार ठिकाणी लोकांना ठेवलंय. पैकी दोन झाली. दारात उभी राहून तिच्या आजोबांचं नाव घेऊन हाका मारते — आजोबा सापडले की नात सापडेल. घसा बसला.

२० फेब्रुवारी

दवाखाना. नाहीत.

२२ फेब्रुवारी

उरलेली दोन ठिकाणं. एका बाईनं मला पाणी दिलं, स्वतःच्या वाट्याचं. तिचं सगळं गेलंय आणि ती मला विचारते, "तुमचं कोण हरवलंय?" मी पाणी पिऊन पेला तिच्या हातात दिला.

परत आल्यावर मामांना म्हणाले, "सतराच्या आजोबांचा पत्ता लागत नाही. पण मी सोडणार नाही." ते माझ्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, उन्हाचं नका हिंडू."

आमचे गणिताचे सर जिन्याच्या पायऱ्यांवर वर्ग घेतायत. प्रत्येक पायरीवर दोघं. खालच्या पायरीवर एक आई लेकरू मांडीवर घेऊन प्रमेय ऐकत बसलेली. तिला विचारलं, तर म्हणते, "कळत नाही काही, पण ऐकायला बरं वाटतं. कुठेतरी काहीतरी बरोबर येतंय."

२६ फेब्रुवारी

अठरा आली ऑफिसात. दार लोटून घेतलं. "बाई, तुम्ही आता शोधायला जाऊ नका."

"का गं?"

मग सांगितलं. तुटक तुटक. मध्ये बकरीच्या पाठीवरून हात फिरवत.

त्या सकाळी काठावर हजेरी चालू होती. वरून आवाज आला. मामांनी सगळ्यांना टेकडीकडे पिटाळलं, स्वतः वर उभे राहून एकेकाचा नंबर घेत होते, कुणी मागे राहायला नको म्हणून. सतरा अर्ध्या चढावरून परत फिरली. "रजिस्टर राहिलं," म्हणाली, "सगळ्यांचे फॉर्म भरायचेत." अठरानं तिचा हात धरला होता. तो सुटला. मग ऑफिसच्या खिडकीत दिसली, रजिस्टर छातीशी धरलेलं. मग खिडकी दिसली नाही.

"मामा वरून हाका मारत होते, सतरा, सतरा! मी ओरडले — वाटेवर! नाहीतर ते खाली गेले असते, बाई. त्या दिवशी एकदा म्हटलं. आता थांबायचं कसं?"

जाताना म्हणाली, "मी सांगितलं म्हणून मामांना सांगू नका."

रजिस्टर वाहून गेलं, मामा! — हे मी म्हणाले होते. चढ्या आवाजात. देवा.

२७ फेब्रुवारी

बोर्डाला कळवायला हवं. फोन उचलला, ठेवला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा, चूक ठाऊक असूनही मी ती तशीच राहू दिली.

१ मार्च

हॉल तिकिटं आली! एकेचाळीस. पोरांनी ती छातीशी धरली, वासही घेतला. खाष्ट बाईनं चाळीस प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या, भिजायला नकोत म्हणून. पाणी म्हटलं की आता सगळेच असा विचार करतात.

पाकिटात मामांच्या जबाबाची प्रत होती. निळा अंगठा. त्याखाली साहेबांच्या अक्षरात पूर्ण नाव. वाचलं. पुन्हा वाचलं. तेच नाव — जे मी चार ठिकाणी दारात उभी राहून घसा बसेपर्यंत पुकारलं!

पहिल्या दिवसाची यादी काढली. ३९१ माणसं, नाव-आडनावासकट. बाळाच्या आईनं बाळाला ठेवायचं ठरवलेलं नावसुद्धा आहे त्यात. आणि एका ओळीत, माझ्या सुंदर अक्षरात, नुसतं — शिपाई.

३ मार्च

पहिला पेपर. सकाळी फाटकात मामांनी हजेरी घेतली. दोन्ही पायांत आता एकसारखे बूट. "सोळा!" "हजर!"

"सतरा!"

कुणी बोलेना. पोरांची तोंडं कोरडी पडलेली, पुस्तकं मिटलेली. अठरानं हॉल तिकीट छातीशी घट्ट धरलं. मामा थांबले होते. पुढचा नंबर घेत नव्हते.

मी खिडकीतून ओरडले, "वाटेवर!"

त्यांनी वर पाहिलं. मग पुढे म्हणाले, "अठरा."

"हजर."